पाच वाजताचा मेन स्विच

लिनक्स हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो सांगलीत, एका कॉम्प्युटरच्या दुकानात, आणि तो सांगणारा दुकानदार हसत होता. हसणं माझ्यावर होतं की त्या शब्दावर, ते तेव्हा कळलं नाही. पुढं कळलं.

मी वडूजला टायपिंगचा क्लास चालवायचे. आठ टाइपरायटर आणि नंतर घेतलेला एक कॉम्प्युटर, त्याला जुन्या साडीचं कव्हर मीच शिवलेलं. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. शिकवणारं होतंच कोण? जुनी अकरावी झालेली बाई मी. एक पुस्तक, एक डिक्शनरी आणि दुपारचा रिकामा वेळ, एवढ्यावर शिकले. काही अडलं की एसटीनं सांगली गाठायची, त्या दुकानात तासभर बसायचं. चहा यायचा, आणि दुकानदार 'काकू, काकू' करत टोमणे मारायचा. माणूस वाईट नव्हता. कॉम्प्युटर म्हटलं की गिऱ्हाइकानं जरा बिचकलंच पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

त्याच्याकडं एक इंग्रजी मासिक यायचं. त्या दिवशी अंकाच्या कव्हरला एक सीडी चिकटवलेली होती.

"हिच्यात काय आहे?" मी विचारलं.

"लिनक्स. परदेशात काही लोकांना उद्योग नाही, ते बसून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम लिहितात आणि फुकट वाटतात. वर आतलं सगळं उघडं करून दाखवतात, बघा म्हणे आम्ही कसं केलं. न्या तुम्ही. यजमानांच्या स्कूटरला मागं लावा, छान चमकते."

मी नेली. स्कूटरला नाही लावली, माझ्या कॉम्प्युटरमध्ये घातली.

आता ह्यात मला एवढं काय सापडलं, ते सांगायचं तर माझ्या वडिलांपर्यंत जावं लागेल. मी चार वर्षांची असताना आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वडील रस्त्याच्या कामावर होते आणि सही करायला पस्तिशीत शिकले. शिकले त्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या दोघांना शिकवायला घेतलं. आई म्हणायची, अहो, तुम्हालाच अजून धड येत नाही. ते म्हणायचे, "जेवढं येतंय तेवढं सांगतो. आपल्यापास्नं झाकून ठेवलं हुतं, आपण झाकायचं न्हाई." घरात हा नियमच होता. भावाला गणित कळलं की त्यानं मला सांगायचं, मला कळलं की मी धाकटीला. आणि आता ही सीडी. कुठली कुठली माणसं, एकमेकांची तोंडं न पाहिलेली, प्रोग्रॅम लिहीत होती आणि कागद झाकत नव्हती. सीडीवरचं वाचता वाचता मला वाटलं, अगं, हे तर आपल्या घरातलंच बोलणं.

मग ते मी लिहायला लागले. साताऱ्याहून एक साप्ताहिक निघायचं. त्याच्या संपादकांची भाची माझ्या क्लासला होती. ती घरी जाऊन सांगायची की आमच्या बाई रोज काहीतरी कॉम्प्युटरचं सांगतात. त्यांनी निरोप धाडला, लिहून द्या. तिसऱ्या पानावर, खताच्या जाहिरातीच्या वर, माझा मजकूर यायला लागला. लिनक्सच्या जगातल्या बातम्या आणि त्यावर माझं मत. बातमी माझ्यापर्यंत पोचायची ती दीड महिना शिळी, पण आमच्या वाचकांना ती ताजीच. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीनं इंटरनेट बघायच्या आपल्या प्रोग्रॅमची आतली मांडणी जगासाठी खुली केली, ते मी दोन आठवडे लिहिलं. लोक विचारायचे, कंपनीला वेड लागलं का? मी लिहिलं, साताऱ्याचा पेढेवाला पेढा विकतो, कृती सांगत नाही. पण आपल्या बायका कांदा-लसूण मसाल्याचं माप एकमेकींना सांगतात. कुणी धणे वाढवते, कुणी खोबरं कमी करते. म्हणून माण-खटावात प्रत्येक घरचा मसाला वेगळा आहे आणि कुणाचाच बिघडलेला नाही. लिनक्स ह्या दुसऱ्या तऱ्हेनं चालतं.

पुढच्या खेपेला सांगलीचा दुकानदार म्हणाला, "काकू, मसाल्यावर कॉम्प्युटर चालत नाही हो."

"चालवून दाखवते," मी म्हणाले. तोंडातून गेलं खरं.

दाखवायची वेळ दहिवडीच्या बाजूला आली. माण तालुक्यातल्या एका मुलींच्या शाळेला चार जुने कॉम्प्युटर मिळाले होते. एका बँकेनं टाकायला काढलेले, आणि देताना आतलं सगळं पुसून दिलेले. म्हणजे नुसते डबे. शाळा चालवणाऱ्या संस्थेची कचेरी साताऱ्यात. तिथले सचिव शिस्तीचे. त्यांनी मुख्याध्यापिकेला कळवलं, आम्ही येऊन बघू. मशिनं चालू असतील आणि मुली शिकत असतील तर राहू देत, नाहीतर आम्ही ती साताऱ्याच्या शाळेत नेतो. आणि त्यात चोरून कॉपी केलेलं काही असता कामा नये. विकत घ्यायची शाळेची ऐपत नव्हती. सांगलीवाला म्हणाला होता, मी कॉपी घालून देतो, कोण बघतंय? मुख्याध्यापिका घाबरल्या. माझं लिखाण त्या वाचायच्या. एक दिवस वडूजला आल्या आणि क्लासच्या दारातच म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहिता की जुन्या मशिनवरही चालतं. खरंच चालतं का, का नुसतं लिहिता?"

म्हटलं, चालवूनच बघू. दुसऱ्या मंगळवारी मी दहिवडीच्या गाडीत बसले. पिशवीत पंचेचाळीस फ्लॉप्या. त्या मशिनांना सीडी घालायची सोयच नव्हती, म्हणून माझ्या कॉम्प्युटरवरून एकेक फ्लॉपी भरलेली. एक मशीन व्हायला जवळजवळ एक दिवस लागायचा. सदतिसाव्या फ्लॉपीवर अडलं की ती पुन्हा वडूजला आणून भरायची, पुन्हा न्यायची. असं करत करत सव्वा महिन्यात चारही मशिनं उभी राहिली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही. पण चालू.

आणि मुलींना त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल? लिनक्समध्ये प्रत्येकीला आपलं नाव, आपला पासवर्ड आणि आपली स्वतःची जागा मिळते, आणि त्या जागेला म्हणतात 'होम'. ज्या मुलींना घरी स्वतःची खुंटीसुद्धा नव्हती, त्या पासवर्ड टाकताना शेजारणीला म्हणायच्या, "तिकडं बघ, माझ्या घरात नको डोकावू." आठवी-नववीच्या सव्वीस जणी. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायच्या. कुणी शेळीवर निबंध, कुणी मुंबईला असलेल्या वडिलांना पत्र. ते पत्र छापायला प्रिंटर नव्हता, मग पडद्यावर बघून वहीत उतरवून घ्यायच्या. मी मंगळवारी आणि शनिवारी जायचे, बाकीचे दिवस मुख्याध्यापिका त्यांना बसवायच्या.

सचिवांचं पत्र आलं. सोमवारी येतो. सोबत टेम्पो आणतो, म्हणजे न्यायची वेळ आली तर पुन्हा खेप नको.

त्या सोमवारच्या आधीचा मंगळवार. मी शाळेत शिरते तर मुली व्हरांड्यात उभ्या. नववीतली एक काटकुळी मुलगी, एरवी सगळ्यांत बडबडी, डोळे पुसत होती.

"बाई, माझ्या हातनं मशीन मेलं. मी काय बी केलं न्हाई, नुस्तं चालू केलं."

चारातली दोन मशिनं अर्ध्यात थांबली होती. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलेलं, डिस्कमध्ये गडबड आहे, मुख्य पासवर्ड द्या आणि हातानं दुरुस्त करा. हातानं म्हणजे कसं, ते मला येत नव्हतं. दुपारभर मी ती मशिनं उघडून पाहिली, वायरी काढून घातल्या, जुन्या डिस्कला नावं ठेवली. मनातल्या मनात लिनक्सलाही बोलून घेतलं. सांगलीवाल्याचं ते हसणंही आठवलं. मी तर छापून सांगितलं होतं की हे सहसा अडत नाही!

उरलेल्या दोन मशिनांपैकी एकावर बसून मी काहीतरी शोधत होते. आणि एकदम सगळं काळं झालं. दोन्ही मशिनं, पंखा, दिवा, सगळंच.

मला वाटलं वीज गेली. बाहेर आले तर शाळेचे शिपाई मेन स्विचच्या लोखंडी पेटीपाशी उभे. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मिशी अजून ड्यूटीवर असल्यासारखी. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो.

"मामा, काय झालं?"

"काय न्हाई. मेन वडला."

"का?"

"का म्हंजी? आवं बाई, पाच वाजलं न्हवं?"

"रोज ओढता?"

"रोज. त्या साली मीटरातनं ठिणग्या उडाल्या तवापास्नं. एक दिस चुकलो न्हाई. पलटणीत असतो तर बिल्ला मिळाला असता."

मी तिथंच पायरीवर बसले. आता लिनक्सची एक गोष्ट सांगते, फार अवघड नाही. आपण लिहिलेलं ते लगेच डिस्कवर उतरवत नाही. थोडं हातात धरून ठेवतं, सवड मिळाली की एकदम ठेवून देतं. म्हणून त्याला आधी सांगावं लागतं, बाबा, आता आवर, मी बंद करतेय. मग ते सगळं जागच्या जागी ठेवतं आणि सांगतं, झालं. जुन्या पद्धतीच्या मशिनांना ह्याची गरज नसायची, खटका दाबला की संपलं. शाळेला तर पंखा-दिव्याच्या खटक्याचीच सवय. मी स्वतः मंगळवारी-शनिवारी पाचच्या आत नीट बंद करून निघायचे, कारण मला पावणेपाचची गाडी. हाताची सवय झालेली. पण ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं! मुलींना नाही, मुख्याध्यापिकेला नाही. चालू कसं करायचं, फ्लॉप्या कशा भरायच्या, पासवर्ड कसा ठेवायचा, सगळं शिकवलं. बंद करायचं शिकवलं नाही. महिनाभर आठवड्याचे चार दिवस पाचच्या ठोक्याला, मुलींची बोटं अजून चालत असताना, मामा मशिनांच्या हातातलं सगळं खाली पाडत होते.

"माझं काय चुकलं का?" मामांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"तुमचं नाही, मामा. माझं."

त्या दिवशी उशिराच्या गाडीनं वडूजला आले तर घरी एक पोस्टकार्ड येऊन पडलेलं. पाटणच्या एका निवृत्त गुरुजींचं, माझे वाचक. अक्षर कसं, कोरून काढल्यासारखं. लिहिलं होतं की आपला लेख वाचून मुलाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. धरणात गेलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करून त्यात उतरवत होतो. परवा मशीन सुरू होईना. 'आपल्या लेखांत बंद करण्याविषयी काही आढळले नाही. काही राहून गेले असल्यास कृपया कळवावे.'

रागाचा एक शब्द नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग मी ठरवलं. बुधवारी सकाळी क्लासला सुट्टी दिली, आणि माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. चालू केला, काम करता करता पुन्हा उपटली. आमचे हे चहाचा कप हातात धरून बघत होते.

"बिघडलाय का?"

"नाही. बिघडवतेय."

ते कप घेऊन आत गेले. आठव्या-नवव्या खेपेला मशीन अडलं, शाळेतल्यासारखंच. तेव्हा इतका आनंद झाला, काय सांगू. मग पुस्तक मांडीवर घेतलं. एक छोटी आज्ञा असते, ती दिली की मशीन डिस्क तपासत जातं आणि एकेक प्रश्न विचारतं: इथं गोंधळ आहे, सावरू का? आपण हो म्हणत जायचं. शेवटी जे तुकडे कुणाचे ते कळत नाही, ते सगळे एका कप्प्यात टाकून ठेवतं. कप्प्याचं नावच 'हरवलं-सापडलं'. तिथल्या कागदांवर नाव नसतं, नुसते आकडे. एकेक उघडून ओळखायचं. माझा एक लेख मला तिथं मिळाला. बारा वाजेपर्यंत मी ते तीनदा बिघडवून तीनदा दुरुस्त केलं, आणि जेवायच्या आधी लेख लिहून काढला. मथळा साधा: 'माझी चूक'. काय सांगायचं राहिलं, बंद कसं करायचं, आणि ज्यांचं आधीच अडलं असेल त्यांनी काय करायचं, पायरी पायरीनं. आज्ञेतलं एकेक अक्षर सुटं करून. पाटणच्या गुरुजींना तेच पुन्हा पत्रात लिहिलं, दोन्ही पिशवीत घातलं आणि साताऱ्याची गाडी पकडली.

संपादकांनी लेख वाचला. चष्मा काढला.

"अहो बाई, हा अंक शुक्रवारी निघतो. तुमची ती शाळेची पाहणी सोमवारी. सचिव आमचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, चुका काढून पत्र पाठवतात. त्यांच्या हातात तुम्हीच काठी देताय."

"माहीत आहे."

"मग पुढच्या शुक्रवारी छापू. आठ दिवसांनी काय बिघडतं?"

"आठ दिवसांत किती जण रोज खटका दाबून मशीन बंद करतील? पाटणचं एक पत्र आलं. न आलेली किती असतील? माझं वाचून करतायत ते."

"मशिनं गेली तर?"

सव्वीस मुली डोळ्यांपुढं होत्या. ती 'माझ्या घरात डोकावू नको' म्हणणारीही होती. पण चूक झाकून मशिनं ठेवायची आणि वर मुलींना सांगायचं की ह्या लिनक्सची गंमत म्हणजे ह्यात कुणी काही झाकत नाही, हे माझ्या तोंडून कसं निघणार?

"ह्याच शुक्रवारी," मी म्हणाले. "नाहीतर पुढं माझा मजकूर येणार नाही."

"हट्टी आहात."

"ते आमच्या घरी आधीच माहीत आहे."

गुरुवारी दहिवडीला जाऊन दोन्ही मशिनं सरळ केली. मुलींची घटक चाचणी होती, त्या वर्गात कोंडलेल्या. माझ्यासोबत मामाच. मी त्यांना म्हणाले, पाच वाजता तुम्ही ओढणारच, तर त्याआधी बंद करायचं तुम्हीच शिका. ते मागं सरले. "आवं, आमची सातवी. इंग्रजी कुठलं यायला?" मी मुख्य पासवर्ड टाकून दिला आणि चार अक्षरं दाबायला सांगितली, एचएएलटी. एका बोटानं दाबली, मोठ्यानं वाचली आणि खुर्चीत ताठ बसले. "हॉल्ट? आरं तिच्या! रातभर पहाऱ्यावर ह्योच शब्द वरडलोय की मी!" मशीन आवरून थांबलं. मामांनी चारही मशिनांना थांबवलं, मग चालू करायला लावून पुन्हा एकदा थांबवलं.

सोमवार. सचिव आले. पांढरा सदरा, काखेत फाइल, आणि फाइलच्या वर शुक्रवारचा अंक, घडी माझ्याच पानावर. मागून टेम्पो. आणि टेम्पोतून कोण उतरावं? सांगलीचा दुकानदार. मशीन पारखायला जाणकार म्हणून आणलेला. मला बघून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही छापून आमचं काम सोपं केलंत."

सचिवांनी मशिनं बघितली, मुलींना दोन प्रश्न विचारले. मग अंकावर बोट ठेवलं.

"तुम्ही लिहिता, अचानक वीज गेली तर हे बिघडू शकतं. आमच्याकडे वीज रोज जाते. मग अशी मशिनं इथे ठेवून उपयोग काय?"

"बिघडलं तर दुरुस्त होतं, तेही लिहिलंय," मी म्हणाले.

"तुम्ही कराल. तुम्ही आठवड्यातून दोन दिवस. उरलेल्या दिवशी कोण?"

"बघूच की," दुकानदार म्हणाला. "मेन ओढून बघू." आणि मला बजावलं, "काकू, तुम्ही हात लावायचा नाही."

त्यानं मुलींना लिहायला बसवलं. तो जाणता होता, त्याला नेमकं कुठं दुखतं ते माहीत होतं. सगळ्यांना एकदम नवा मजकूर साठवायला लावला आणि डिस्कचा लाल दिवा लुकलुकत असतानाच व्हरांड्याकडं बघून ओरडला, "ओढा!"

मामा हलले नाहीत.

"अहो, ओढा की!"

"पाच वाजलं न्हाईत अजून."

सचिव दारात गेले. "मी सांगतोय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. खटकन् आवाज आला आणि चारही पडदे काळे झाले.

पुन्हा वीज दिली. तीन मशिनं थोडा वेळ कुरकुरली, आपली आपण डिस्क तपासून उभी राहिली. चौथं अर्ध्यात थांबलं. तोच मजकूर, तोच मुख्य पासवर्डचा प्रश्न. दुकानदार माझ्याकडं बघून हसला नाही, हे मला आठवतं. त्यानं फक्त टेम्पोवाल्याला हाक मारली.

मी हात पदरात गुंडाळून उभी होते. दुसरं काय करणार?

तेवढ्यात ती काटकुळी मुलगी उठली. तीच, मंगळवारी रडणारी. मुख्याध्यापिकेजवळ जाऊन म्हणाली, "बाई, मोठा पासवर्ड सांगा." मुख्याध्यापिकेनं माझ्याकडं बघितलं, मग सचिवांकडं, आणि तिच्या कानात सांगितला. पोरीनं पासवर्ड टाकला. फ्रॉकच्या खिशातून वर्तमानपत्राचा घडी घालून चिंध्या झालेला तुकडा काढला, कीबोर्डच्या कडेला ठेवला आणि बोट ठेवून ठेवून एकेक अक्षर दाबायला लागली. मशीन प्रश्न विचारू लागलं. हो. हो. हो. मधे एकदा थांबली, तुकडा परत वाचला, हो. मशीन उभं राहिलं. मग तिनं 'हरवलं-सापडलं'चा कप्पा उघडला. तीन आकडे होते. पहिला उघडला, नुसता कचरा. दुसरा उघडला आणि मागं वळून ओरडली, "ही बघ गं तुझी शेळी! निम्मीच हाय, पण हाय!"

मुली हसायला लागल्या. दुकानदारही हसला, आणि ते हसणं वेगळं होतं.

सचिव तिच्या खुर्चीपाशी गेले. "हे तुला ह्या बाईंनी शिकवलं?"

"न्हाई साहेब. बाई गुरुवारी आल्या तवा आमची चाचणी हुती. शुक्रवारच्या पेपरात छापलंय की. तुमच्या हातातच हाय."

सचिवांनी हातातला अंक उघडला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. मला वाटतं, पहिल्या वेळी ते मथळ्याशीच थांबले असावेत. मग मुख्याध्यापिकेला म्हणाले, "मशिनं इथेच राहू देत." आणि माझ्याकडं वळून, आवाज जरा उतरवून, "आमच्या साताऱ्याच्या शाळेतही तीन अशीच पडून आहेत. ह्या फ्लॉप्या द्यायला चालतात का? म्हणजे, परवानगी वगैरे?"

"चालतात. त्यासाठीच आहेत," मी म्हणाले.

मग चार मशिनं न्यायला आणलेला टेम्पो बुटाच्या खोक्यात पंचेचाळीस फ्लॉप्या घेऊन गेला. खोकं मांडीवर धरून सांगलीचा दुकानदार बसला होता. जाताना म्हणाला, "काकू, सदतिसावी ठीक आहे ना?" मी त्याला तिचा सगळा त्रास कधीतरी सांगितला होता, तो त्याच्या लक्षात राहिला होता.

पाटणच्या गुरुजींचं दुसरं कार्ड पंधरा दिवसांनी आलं. त्यांच्या आठवणींची बरीचशी पानं त्या कप्प्यात निघाली. सगळी नाही निघाली. दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पार गेलं होतं. एकांकडं ते पुन्हा जाऊन बसले आणि पुन्हा लिहून घेतलं. दुसऱ्या आजीबाई मधल्या काळात वारल्या होत्या. हे त्यांनी एका ओळीत लिहिलं होतं, आणि पुढच्या ओळीत माझ्या प्रकृतीची चौकशी. ते कार्ड मी टाकलेलं नाही. एखाद्याला काही शिकवायला बसले की आधी बंद करायचं शिकवते, चालू करायचं नंतर.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्या शाळेत गेले होते. मशिनं बदललेली, मामा निवृत्त होऊन गावी शेळ्या राखत होते. पण मेन स्विचच्या पेटीवर, रंग देताना रंगाऱ्यानंही सांभाळून सोडलेला, शुक्रवारच्या अंकाचा तो तुकडा खळीनं चिकटवलेला होता. मामांनी लावलेला. शाई विटली होती, आज्ञेतली अक्षरं वाचता येत नव्हती. वरचा मथळा तेवढा दिसत होता, 'माझी चूक', आणि खाली माझं नाव. नवीन शिपाई म्हणाला, "काढू का? जुनं झालंय." मी म्हणाले, राहू दे.